निर्मळ ध्वनीचा शोधक

पुण्यास आकाशवाणीचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्या काळी बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकरसारख्या गावी रेडिओचा संच ही मोठी अपूर्वाईची वस्तू होती. दिवेलागणीनंतर माणसे संचाभोवती जमत आणि बातम्या, बाजारभाव, भजने लक्षपूर्वक ऐकत. परंतु मृग नक्षत्र लागून आकाशात विजा चमकू लागल्या, की या आनंदात मिठाचा खडा पडे. वीज कोसभर दूर चमकली तरी तिची कडकड संचातून उमटे आणि निवेदकाचे शब्द खरखरीत बुडून जात. पावसाचा अंदाज ऐकण्याची निकड ज्या दिवसांत सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवसांत तो नीट ऐकू येत नसे!

ही अडचण एका गावची वा एका देशाची नव्हती. रेडिओचा जन्म झाल्यापासून या खरखरीने जगभरच्या अभियंत्यांना हैराण केले होते. कोणी संचात नवे भाग बसवून पाहिले, कोणी प्रेषण केंद्रांची शक्ती वाढवून पाहिली. पण खरखर हटेना. ती रेडिओच्या पाचवीलाच पुजलेली आहे, असे मानून पुष्कळांनी प्रयत्न सोडून दिले. ज्या एका माणसाने प्रयत्न सोडले नाहीत, त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. गंमत अशी, की पुणे केंद्र सुरू होण्यापूर्वी वीस वर्षे त्याने या प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवले होते. ते उत्तर लोकांपर्यंत पोहोचण्यास इतका काळ का लागला, ती कथाही त्याच्या चरित्रातच आहे.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. त्याचे वडील ग्रंथ प्रकाशित करणाऱ्या एका संस्थेत अधिकारी होते. आई विवाहापूर्वी शाळेत शिकवीत असे. घरात पुस्तकांना तोटा नव्हता. आठ-नऊ वर्षांचा असताना एडविनला एक विचित्र आजार जडला. त्यात हातापायांचे स्नायू आपोआप आचके देत. आजार बरा झाला. पण मान व खांदा मधूनच झटका देत, आणि मन क्षुब्ध झाले की ते अधिकच उडत. हे व्यंग त्याला जन्मभर पुरले. दोन वर्षे त्याला शाळेत जाता आले नाही. पाहुण्यांसमोर येण्याचा त्याला संकोच वाटे. तासन् तास एकट्याने बसून यंत्रांशी खेळण्याची सवय त्याला याच काळात लागली.

पुढे हे कुटुंब हडसन नदीच्या काठी याँकर्स या गावी राहावयास गेले. घराच्या माळ्यावरची खोली एडविनला मिळाली. मार्कोनीने तारेवाचून संदेश धाडल्याची हकीकत त्याने पुस्तकांत वाचली होती. झाले! माळ्यावर तारा, वेटोळी आणि घरगुती बॅटऱ्या यांचा पसारा मांडला गेला. दूरचे क्षीण संदेश ऐकू यावेत म्हणून त्याने घरामागे सुमारे १२५ फूट उंचीचा डोलारा स्वतःच्या हातांनी उभारला. दोरीला बांधलेल्या फळीवर बसून तो स्वतःला वर खेचून घेई आणि टोकाशी जाऊन तारा बांधी. खाली उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या पोटात गोळा उठे. एडविनला मात्र उंचीचे भय म्हणून कधी ठाऊकच नव्हते.

१९०९ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात विद्युत्-अभियांत्रिकी शिकू लागला. याँकर्सहून विद्यापीठात तो तांबड्या रंगाच्या मोटारसायकलीवरून जाई. प्राध्यापकांना हा विद्यार्थी जरा अवघड वाटे, कारण पुस्तकात लिहिले आहे एवढ्याने त्याचे समाधान होत नसे. गणिताचा त्याला तिरस्कार नव्हता. पण समीकरण काही सांगो, तो आधी मोजमापाचे उपकरण लावून पाही.

त्या वेळी ली डी फॉरेस्ट या संशोधकाने १९०६ मध्ये बनविलेली ऑडिऑन नावाची निर्वात नलिका सर्वांच्या परिचयाची होती. काचेच्या फुग्यासारखी दिसणारी ही नलिका क्षीण विद्युत्-संकेत थोडा वाढवी. पण ती कसे काम करते हे नीटसे कोणालाच उमगले नव्हते. आर्मस्ट्राँगने ते शोधून काढण्याचे ठरविले. १९१२ मध्ये त्याच्या ध्यानात आले, की नलिकेतून बाहेर पडणारा वाढीव संकेत थोडा मागे वळवून पुन्हा तिच्याच मुखाशी दिला, तर तो पुनःपुन्हा वाढत जाऊन हजारो पटींनी प्रबळ होतो. रहाटाचे पाणी पुन्हा रहाटावरच सोडून त्याला अधिक गती द्यावी, तसाच हा प्रकार. त्या रात्री दूरदूरच्या केंद्रांचे संदेश कर्णयंत्रातून इतके मोठ्याने ऐकू आले, की त्याने धाकट्या बहिणीस झोपेतून उठवून ते ऐकविले.

पेटंट घेण्यासाठी पैसे हवे होते. वडिलांनी आधी पदवी घे, मग पाहू असे सांगून नकार दिला. तेव्हा एका नातलगाच्या सल्ल्याने त्याने आपल्या जोडणीची आकृती काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी तिच्यावर सरकारी लेखप्रमाणकाची सही घेतली. पेटंटाचा अर्ज मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेला. मधल्या या विलंबाची फार मोठी किंमत त्याला पुढे मोजावी लागली. डी फॉरेस्टने हा शोध आपलाच असल्याचा दावा केला आणि दोघांचा तंटा वीस वर्षे न्यायालयात चालला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. या शोधासाठी १९१७ साली रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने आर्मस्ट्राँग यांना आपले पहिले सन्मानपदक दिले होते. निकालानंतर ते पदक परत करण्यास ते गेले; पण संस्थेने ते परत घेण्यास नकार दिला. शोध कोणाचा याविषयी अभियंत्यांच्या मनात शंका नव्हती.

१९१४ च्या जानेवारीत न्यू जर्सी प्रांतातील बेल्मार येथे कडाक्याच्या थंडीत एका खोपटात बसून आर्मस्ट्राँग यांनी आपला ग्राही संच एका तरुण अधिकाऱ्यास दाखविला. रात्रभर दोघे आयर्लंड आणि हवाई बेटांकडील संदेश ऐकत राहिले. त्या तरुणाचे नाव डेव्हिड सार्नॉफ. दोघांची गाढ मैत्री जमली. हा सार्नॉफ पुढे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या बलाढ्य कंपनीचा प्रमुख झाला.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकी सैन्याच्या संदेश विभागात दाखल झाले आणि त्यांना पॅरिसला पाठविण्यात आले. तेथे १९१८ मध्ये त्यांनी दुसरा मोठा शोध लावला. रेडिओचा कोणताही संकेत आधी एका ठरावीक वारंवारतेवर आणावयाचा आणि मग तो वाढवावयाचा, अशी ही सुपरहेटेरोडाइन नावाची योजना होती. तिच्यामुळे केवळ एक खुंटी फिरवून हवे ते केंद्र लावणे सामान्य माणसालाही शक्य झाले. घरोघरचे रेडिओ संच पुढे याच तत्त्वावर बनले. या व अशा शोधांचे हक्क विकून आर्मस्ट्राँग धनाढ्य झाले. १ डिसेंबर १९२३ रोजी त्यांनी सार्नॉफच्या कचेरीत काम करणाऱ्या मॅरियन यांच्याशी विवाह केला आणि स्वतः बनविलेला, सहज उचलून नेता येणारा रेडिओ वधूस भेट दिला.

एवढे यश पदरी पडल्यावर दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. पण आर्मस्ट्राँग यांच्या कानांत ती खरखर अजून घुमत होती. कोलंबियातील त्यांचे गुरू मायकेल प्यूपिन यांच्यासमवेत त्यांनी कित्येक वर्षे तिच्यावर प्रयोग केले होते आणि प्रत्येक वेळी हात हालवीत परत यावे लागले होते.

त्यांनी शेवटी काय केले, हे समजण्यासाठी रेडिओचा संदेश प्रवास कसा करतो ते पाहिले पाहिजे. अंधाऱ्या रात्री निरा डाव्या कालव्याच्या एका काठावर एक माणूस कंदील घेऊन उभा आहे आणि दूर शेतात असलेल्या सोबत्यास तो खुणा करीत आहे, अशी कल्पना करावी. कंदिलाची वात लहानमोठी करून खूण करता येईल. मंद उजेड म्हणजे एक अर्थ, प्रखर उजेड म्हणजे दुसरा. पण मध्येच धुके आले, पावसाची सर आली, वीज चमकली, तर उजेड कमी झाला की वात कमी केली हे सोबत्यास कळणार नाही. वीज चमकलेली त्याला खूणच वाटेल. जुना रेडिओ नेमका असाच होता. प्रेषण केंद्रातून एक अखंड वाहक तरंग निघे आणि माणसाच्या आवाजाप्रमाणे त्या तरंगाची उंची कमीअधिक केली जाई. शास्त्रज्ञ याला परमप्रसर विरूपण असे म्हणतात. वीज कडाडली म्हणजे तिच्यातूनही रेडिओ तरंग निघतात. ते वाहक तरंगात मिसळून त्याची उंची बदलून टाकतात. बिचाऱ्या ग्राही संचास आवाजाने झालेला बदल कोणता आणि विजेने झालेला कोणता, हे कसे ओळखता यावे?

आता त्या माणसाने वातीस हात न लावता कंदीलच डावीउजवीकडे हालवून खूण केली तर? उजेड कमी होवो वा अधिक, सोबत्याने केवळ कंदिलाची जागा पाहावयाची. धुके आणि विजा यांचा उपद्रव पुष्कळच टळेल. रेडिओत हेच करावयाचे झाल्यास तरंगाची उंची कायम ठेवून त्याची वारंवारता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या, आवाजाप्रमाणे बदलावी लागेल. यालाच वारंवारता विरूपण म्हणतात. एफ. एम. या दोन अक्षरांनी सर्वांच्या ओळखीची झालेली पद्धती ती हीच.

ही कल्पना एकट्या आर्मस्ट्राँग यांची नव्हती. इतरांनीही तिचा विचार केला होता; परंतु त्यांचा हेतू वेगळा होता. आकाशात केंद्रांची गर्दी वाढत होती. प्रत्येकाला वारंवारतेचा एकेक पट्टा लागे. कंदील अगदी वीतभरच हालविला तर प्रत्येकाला थोडी जागा पुरेल आणि पुष्कळ केंद्रे शेजारी शेजारी मावतील, असे त्यांना वाटले. १९२२ मध्ये जॉन कार्सन या व्यासंगी अभियंत्याने गणिताच्या साह्याने दाखवून दिले, की अशाने जागेची काहीही बचत होत नाही. वारंवारता विरूपणात कसलाही लाभ नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. कार्सनचे गणित मुळीच चुकले नव्हते. पण तो निकाल वाचून सर्वांनी ती वाटच सोडून दिली, आणि चूक झाली ती येथे.

आर्मस्ट्राँग यांनी उलटा प्रश्न विचारला. कंदील वीतभर हालविण्याऐवजी पाचपन्नास हात हालविला तर काय होईल? वाऱ्याने कंदील थोडासा हलतोच. खूण वीतभराची असेल आणि वाऱ्याचा हेलकावाही वीतभराचा असेल, तर खूण ओळखणे कठीण. पण माणूस कंदील घेऊन काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागला, तर वाऱ्याच्या वीतभर हेलकाव्यास कोण विचारतो? वातावरणातील क्षोभ तरंगाची वारंवारताही किंचित हलवितो. पण विरूपणाचा झोका जितका रुंद, तितका तो क्षोभ नगण्य ठरतो. सारे अभियंते पट्टा अरुंद करण्याच्या मागे होते. खरखर घालवावयाची तर तो रुंद केला पाहिजे, हे आर्मस्ट्राँग यांनी ओळखले. पुढे ठरलेल्या प्रमाणांप्रमाणे ध्वनिप्रक्षेपणात हा झोका दोन्ही बाजूंस ७५ किलोहर्ट्झ इतका ठेवला जाऊ लागला. केंद्राची वारंवारता ९०.४ मेगाहर्ट्झ असेल, तर शांततेच्या क्षणी तिचा तरंग सेकंदास ९ कोटी ४ लक्ष वेळा कंप पावतो. निवेदक मोठ्याने बोलला, की ही संख्या ९ कोटी ४ लक्ष ७५ हजारांपर्यंत चढते आणि ९ कोटी ३ लक्ष २५ हजारांपर्यंत उतरते. आवाज जितका मोठा तितका झोका लांब. स्वर जितका उंच तितके सेकंदातील झोके अधिक. मोठेपणा आणि उंची हे आवाजाचे दोन निराळे गुण अशा रीतीने एकाच तरंगात सुखाने नांदतात.

तत्त्व सुचले तरी यंत्र बनविणे सोपे नव्हते. ग्राही संचात एक मर्यादक बसवावा लागला. तो तरंगाचे कमीअधिक झालेले शेंडे सरळ छाटून टाकी आणि त्यांबरोबर विजेची कडकडही छाटली जाई. त्यानंतरचा भाग वारंवारतेतील चढउतार ओळखून त्याचा पुन्हा आवाज करी. या सर्वांच्या जोडणीत आर्मस्ट्राँग यांनी वर्षेच्या वर्षे घालविली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना या पद्धतीची पेटंटे मिळाली.

मित्र सार्नॉफ यांनी ही पद्धती पाहिली आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट या गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावरून प्रयोग करण्यास परवानगी दिली. ९ जून १९३४ पासून प्रयोग सुरू झाले. तोच कार्यक्रम जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनी प्रक्षेपित करून सुमारे ११० किलोमीटर दूर ऐकण्यात आला. वादळी हवेत जुन्या पद्धतीचे संगीत गडगडाटात हरवून जाई, तर नव्या पद्धतीचे संगीत जणू शेजारच्या खोलीत चालले आहे असे ऐकू येई. इतके होऊनही १९३५ मध्ये आर्मस्ट्राँग यांना आपली यंत्रे तेथून हालविण्यास सांगण्यात आले. कंपनीचे लक्ष आता दूरचित्रवाणीकडे लागले होते. शिवाय नवी पद्धती आली म्हणजे जुनी केंद्रे आणि जुने संच मोडीत निघणार, हेही व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी आर्मस्ट्राँग यांनी न्यूयॉर्क येथे अभियंत्यांच्या सभेपुढे आपला निबंध वाचला आणि मग बोलणे थांबवून संच सुरू केला. याँकर्स येथील एका मित्राच्या घरून प्रक्षेपण होत होते. संच लागला तरी सभागृहात काहीच ऐकू येईना, इतकी ती शांतता गाढ होती. खरखर नाही, सूं सूं नाही. मग त्या शांततेतून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. कागद चुरगळल्याचा आवाज आला. पाठोपाठ घंटेचा टोल उमटून हळूहळू विरत गेला. जुन्या रेडिओवर हे आवाज कोणाला ओळखूही आले नसते. ऐकणारे सारे आपल्या विषयातील जाणकार होते. आपण काय ऐकत आहो हे त्यांना पुरते कळले.

कोणी साह्य करीना, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी स्वतःची संपत्ती खर्चून हडसनच्या पैलतीरी, अल्पाइन येथील उंच कड्यावर सुमारे १२० मीटरांचा मनोरा उभारला. बांधकाम चालू असताना पन्नाशीकडे झुकलेले हे गृहस्थ लहानपणाप्रमाणेच त्याच्या आडव्या तुळयांवर चढून जात. तेथून त्यांचे केंद्र नियमित चालू लागले. हळूहळू इतर केंद्रेही निघाली, कारखाने संच बनवू लागले. १९४० मध्ये रेडिओ कॉर्पोरेशनने या पद्धतीच्या वापरासाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कारखानदार प्रत्येक संचामागे ठरलेला वाटा देत होते. जे लहानांस लागू ते बलाढ्यांसही लागू असले पाहिजे, या विचाराने आर्मस्ट्राँग यांनी ती रक्कम नाकारली. व्यवहारी माणसास हा हट्ट वाटेल. आर्मस्ट्राँग यांच्या दृष्टीने तो न्यायाचा प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या शोधांचा उपयोग अमेरिकी सैन्यास त्यांनी विनामूल्य करू दिला. धावत्या रणगाड्यांतूनही स्पष्ट ऐकू येणारे संच त्यामुळे बनले. युद्ध संपत असता मात्र त्यांच्यावर मोठा घाव बसला. २७ जून १९४५ रोजी सरकारी आयोगाने एफ. एम. प्रक्षेपणाचा पट्टा पूर्वीच्या जागेवरून उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेला. लोकांनी पैसे खर्चून घेतलेले लाखो संच काही काळातच निरुपयोगी झाले. केंद्रांना नवी यंत्रे घ्यावी लागली. उभे पीक काढून ते दुसऱ्या शेतात लावण्यास सांगावे, तसाच हा प्रकार झाला.

इकडे अनेक कंपन्या मोबदला न देता हीच पद्धती वापरू लागल्या. १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी रेडिओ कॉर्पोरेशनवर दावा लावला. एकेकाळचे मित्र न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. साक्षी, जबान्या आणि कागदपत्रे यांत वर्षेच्या वर्षे गेली. मुख्य पेटंटांची मुदत १९५० मध्ये संपली, पैसा आटत चालला, प्रकृती ढासळली. प्रयोगशाळेतला वेळ वकिलांच्या कचेरीत जाऊ लागला. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, अतिशय खचलेल्या मनःस्थितीत, न्यूयॉर्क येथे त्यांचा करुण अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ६३ वर्षांचे होते.

मॅरियन यांनी पतीचा लढा सोडला नाही. १९५४ संपण्यापूर्वीच रेडिओ कॉर्पोरेशनने सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. चौदा वर्षांपूर्वी नाकारलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती. उरलेल्या कंपन्यांशी त्या एकामागून एक दावे लढत राहिल्या. शेवटचा दावा १९६७ मध्ये संपला आणि वारंवारता विरूपणाची ही रुंद पट्ट्याची पद्धती आर्मस्ट्राँग यांचीच, हे न्यायालयांतही सिद्ध झाले.

भारतात आकाशवाणीचे पहिले एफ. एम. प्रक्षेपण २३ जुलै १९७७ रोजी मद्रास येथून झाले. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतही ते आले. हे तरंग नजरेसारखे जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून फार दूर पोहोचत नाहीत. मध्ये टेकडी आली तरी अडतात. पण या उणिवेचाच एक उपयोग झाला. आपापल्या पंचक्रोशीपुरती लहान केंद्रे उभारता आली. बारामती येथे विद्या प्रतिष्ठान या संस्थेने वसुंधरा वाहिनी नावाचे असेच सामुदायिक केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू केले. जवळच्या शेतकऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे आवाज त्यांच्याच बोलीत अशा लहान केंद्रांवरून ऐकू येऊ लागले.

आर्मस्ट्राँग यांनी ज्या प्रयोगासाठी नलिकांनी भरलेल्या खोल्या वापरल्या, तो विद्यार्थ्यांना संगणकावर करून पाहता येतो. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओत आकाशक तारेवरील संकेत सेकंदास लक्षावधी वेळा मोजला जातो आणि त्याचे आकडे होतात. प्रत्येक मोजणीत दोन आकडे मिळतात. ते कागदावर मांडले तर घड्याळाचा एक काटा तयार होतो. हा काटा सतत फिरत असतो. त्याची लांबी म्हणजे तरंगाची उंची. दोन मोजण्यांमध्ये तो किती अंशांनी फिरला, ती त्याची वारंवारता. संगणक लांबीकडे दुर्लक्ष करतो, आणि मर्यादकाचे काम आपोआप होते. काटा भरभर फिरला की झोका एका बाजूस, सावकाश फिरला की दुसऱ्या बाजूस. या चढउतारांतूनच आवाज पुन्हा उभा राहतो.

खरा मनोरा वा खरी वीजही या प्रयोगास लागत नाही. संकेताच्या आकड्यांत मुद्दाम वेडेवाकडे आकडे मिसळले, की तीच खरखर झाली. झोका लहान ठेवला तर कर्णयंत्रात ती स्पष्ट ऐकू येते. झोका दुप्पट केला, चौपट केला, की ती मागे मागे सरत जाते आणि गाणे पुढे येते. पण मूळ संकेतच फार क्षीण केला, तर एका मर्यादेपाशी गाणे एकाएकी फुटते आणि खरखर सारे व्यापून टाकते. धुक्यात कंदीलच दिसेनासा झाल्यावर तो कितीही दूरवर हालवून उपयोग नसतो, तसेच हे. ही मर्यादा नेमकी कोठे येते, हे विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी आकडे बदलून स्वतः शोधता येते.